तेलाची वाट

१

सार्डिन मासे दोन दिवस उन्हात ठेवायचे, मग चेचायचे, मग माशाच्याच तेलात कालवून निळ्या पिंपात भरायचे आणि झाकण घट्ट लावायचं. मुसल्लम हे काम बावीस वर्षं करत आला होता. मिरबातच्या किनाऱ्यावर उंटांच्या चाऱ्यासाठी सार्डिन वाळत पडलेले असतातच, त्यातल्या दोन टोपल्या उचलल्या की झालं. खोल समुद्रातली पाखरं डोळ्यांपेक्षा नाकावर जास्त भरवसा ठेवतात. बोटीमागे हे तेल सोडत गेलं की मैलोन् मैल लांबून ती वास धरत येतात, आणि मस्कतहून, परदेशातून आलेली मोठमोठी माणसं दुर्बिणी लावून दिवसभर लहान मुलांसारखी ओरडत राहतात. मुसल्लमचा धंदा एवढाच.

अकरा महिन्यांनी तो आज पुन्हा निघाला होता. आणि त्याची बायको तुफूल आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या मागोमाग त्या बोटीवर चढत होती. तिला पाखरं बघायची नव्हती. तिला एकच काम होतं. संध्याकाळी नवऱ्याला घरी परत आणायचं.

बोट मुसल्लमच्या चुलतभावाची, बखीतची. त्याने तुफूलला हात देऊन वर घेतलं आणि तसाच हात धरून हळूच म्हणाला, "वहिनी, तुम्हाला बोट लागेल. माझ्या लग्नाला येताना सलालाच्या रस्त्यावर साधी गाडी लागली होती तुम्हाला."

"लागू दे."

"अहो, दिवसभराचं काम आहे. चोवीस मैल आत जायचंय."

"बखीत, हा कठड्यापाशी उभा असेल तेव्हा तू कुठे असशील?"

"सुकाणूवर."

"मग?"

बखीतने तिचा हात सोडला.

बोटीवर तीनच पाहुणे होते. मस्कतचे दातांचे डॉक्टर जाहिर, निवृत्त, गोल पोटाचे, दरवर्षी येणारे. आणि एक डच जोडपं, दोघंही उंच, दोघांच्याही नाकांना पांढरं मलम फासलेलं. डॉक्टर मुसल्लमला बघून हात पसरून पुढे आले. "या या, अबू—" म्हणाले आणि थांबले. मैथाचा बाप म्हणून सगळं मिरबात त्याला 'अबू मैथा' म्हणायचं. आता म्हणायचं की नाही, हे अकरा महिन्यांत कुणालाच ठरवता आलेलं नव्हतं.

"अबू मैथाच म्हणा, डॉक्टर," मुसल्लम म्हणाला. "त्यात काही बदललेलं नाही."

तुफूलने त्याच्या लाइफ जॅकेटचे तिन्ही पट्टे स्वतःच्या हाताने आवळले. त्याने लहान मुलासारखे हात वर धरून ते आवळू दिले.

२

बोटीचं नाक म्हणजे बारा. उजवी बाजू तीन, शेपूट सहा, डावी नऊ. पाखरू दिसलं की बोट दाखवत बसायचं नाही, घड्याळाचा आकडा ओरडायचा, म्हणजे सगळ्यांच्या माना एकदम तिकडे वळतात. मुसल्लमचा आवाज त्यासाठीच नावाजलेला होता.

गेल्या नोव्हेंबरात मैथा शेपटाशी उभी राहून कापलेल्या डब्याने तेल सोडत होती. एकोणीस वर्षांची. कॉलेजला सुट्टी होती, बापाबरोबर यायचा हट्ट तिचाच. मुसल्लमने नाकाशी उभं राहून "बारा वाजता!" अशी आरोळी ठोकली आणि सगळे पुढे धावले. बखीतनेही मान तिकडेच वळवली. पाखरू दीड मिनिट दिसलं असेल. ते नाहीसं झाल्यावर सगळे हसत, एकमेकांची पाठ थोपटत वळले, तेव्हा शेपटाशी डबा आडवा पडला होता आणि तिथे कुणीही नव्हतं. पाणी ताटासारखं सपाट.

नऊ दिवस शोधलं. बोटींवर भोंगे लावून तिच्या नावाने हाका मारल्या. देह सापडला नाही. समोर मय्यत नसलेली नमाज पढली गेली, आणि बायका तुफूलच्या घरी तीन दिवस बसून उठून गेल्या.

त्या पाखराचं नाव मुसल्लमने त्यानंतर कधी तोंडातून काढलेलं नाही.

तेव्हापासून तो घास भरवला तरच खायचा. खरीफचे, म्हणजे पावसाळी वाऱ्याचे महिने, धुक्याने डोंगर आणि समुद्र एक झालेले असताना, तो दोनदा अंगावरच्या कपड्यांनिशी पाण्यात चालत गेला होता. दुसऱ्या वेळी लाट छातीपर्यंत आली होती. तुफूलने आणि शेजारच्या दोघा भावांनी त्याला ओढून काढलं. तो झगडला नाही, रडलाही नाही. "मी नुसता बघत होतो" एवढंच म्हणाला. म्हणून खरीफ सरून समुद्र खुला झाला आणि त्याने "बखीतला सांग, सफर काढू या" म्हटलं, तेव्हा तुफूलने आडकाठी केली नाही. आडकाठी केली असती तर तो एकटा गेला असता.

बंदरातून निघताना नेहमीप्रमाणे कुरव पक्ष्यांचा थवा मागे लागला. कोलाहल करत, एकमेकांच्या डोक्यावर बसत ते धक्क्यापासून येतात आणि दोन मैलांवर, तेल सोडायला लागलं की पिसाळतात. मुसल्लमने पिंपाच्या बुडाशी लावलेली तोटी उघडली. तेलाची बारीक धार पाण्यात पडायला लागली. पिंपाला टेकून तो बसला, तोंड मागे, सहाकडे.

कुरव गप्प झाले. सगळे एकाच वेळी. मग सगळा थवा वळला आणि किनाऱ्याकडे निघून गेला.

"पोट भरलं असेल त्यांचं," डॉक्टर म्हणाले. "बंदरात आज ट्यूना उतरलाय."

तुफूलला ते पटलं. पटवून घ्यायला तिला फारसे कष्ट पडले नाहीत.

३

दहा वाजेपर्यंत एक पाखरू आलं नाही.

डच बाईला उलट्या सुरू झाल्या होत्या, ती बादली मांडीत घेऊन बसली होती. तुफूलला मात्र काहीच होत नव्हतं. तिचे डोळे मुसल्लमच्या पाठीवरून हलत नव्हते. त्याचा पाय कठड्याच्या खालच्या दांडीवर गेला की ती अर्धी उठायची. पाय खाली आला की बसायची.

"तेलात काही गडबड आहे का रे?" डॉक्टरांनी विचारलं. "मागल्या वर्षी याच जागी दीडशे होती. दीडशे! मी घरी जाऊन बायकोला सांगितलं तर म्हणाली, तुम्ही मोजत बसलात तर मासे कुणी आणायचे?"

"तेल चांगलं आहे," मुसल्लम मागे न बघता म्हणाला.

"माझं ते वादळपाखरू तरी येऊ दे बाबा. मुठीएवढं काळं कुट्ट, शेपटाला खाच. नऊ वर्षं झाली. सगळ्यांना दिसतं, मलाच नाही. मी मेलो की माझ्या मुलांनी यादी बघावी आणि म्हणावं, अरेरे, बाबांचं एकच राहिलं."

कुणी हसलं नाही. आपण काय बोललो ते डॉक्टरांच्या ध्यानात आलं. ते उठून बखीतच्या केबिनमध्ये चहाचा थर्मास शोधायला गेले.

तुफूल मुसल्लमशेजारी जाऊन बसली. मागे तेलाचा पट्टा पार क्षितिजापर्यंत गेला होता. वाऱ्याने बाकी सगळं पाणी बारीक सुरकुतलं होतं, फक्त तेवढा पट्टा गुळगुळीत, उन्हात चमकणारा, दोन माणसं हात पसरून उभी राहतील इतका रुंद. इस्त्री केलेल्या कापडासारखा.

"खाणार का काही?" तिने विचारलं.

"नको."

"खजूर दोन खा."

त्याने एक खाल्ला. बी हातात धरून ठेवली.

"तू पुढे का उभा राहत नाहीस?" ती म्हणाली. "लोक तुझ्यासाठी आलेत. तू बाराकडे असतोस ना नेहमी?"

"बाराकडे मला काही बघायचं नाही."

तो हे शांतपणे म्हणाला. गेल्या अकरा महिन्यांत तो इतका शांत तिला दिसला नव्हता. तिला बरं वाटायला हवं होतं.

४

साडेअकराच्या सुमारास डच माणूस आपल्या भाषेत काहीतरी ओरडला.

पाखरं आली होती. कधी आली, हे कुणालाच कळलं नाही. एकही उडताना दिसलं नव्हतं. ती पाण्यावर बसलेली होती, शंभर, दोनशे, कदाचित त्याहून जास्त. तपकिरी, लांब पंखांची, लाटा कापत उडणारी मोठी पाखरं, आणि त्यांच्या मधेमधे काळी, मुठीएवढी. सगळी तेलाच्या पट्ट्याच्या दोन्ही कडांना ओळीने बसली होती. पट्ट्यावर एकही नाही. तेलाला एकानेही चोच लावली नव्हती.

डॉक्टर धावत आले. दुर्बीण डोळ्यांना लावली. "हेच! अरे हेच! खाच बघ शेपटाला, बखीत, बघ—" मग त्यांचा आवाज हळूहळू विझला. त्यांनी दुर्बीण खाली घेतली.

"ही अशी का बसलीत?" ते म्हणाले.

तुफूलने पाहिलं, आणि तिलाही ते कळलं. पाखरांमागे फिरणाऱ्या नवऱ्याबरोबर वीस वर्षं संसार केला की काही गोष्टी न शिकताच येतात. पाण्यावर बसलेलं पाखरू वाऱ्याकडे तोंड करून बसतं. मागून वारा लागला तर पिसं उलटी होतात, थंडी शिरते, आणि वेळ आली तर उडता येत नाही. वारा पूर्वेकडून होता. पश्चिमेच्या ओळीतली पाखरं पूर्वेकडे तोंड करून बसली होती. ते ठीक. पण पूर्वेच्या ओळीतली वाऱ्याला पाठ देऊन बसली होती. त्यांची पाठीवरची पिसं उलटी होऊन, खालचा पांढरा कापूस दिसेपर्यंत फडफडत होती, तरी ती वळत नव्हती.

दोन्ही ओळींची तोंडं त्या पट्ट्याकडे होती. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसं उभी राहतात, तशी.

"खाली मासळीची टोळी असेल," बखीत सुकाणूवरून म्हणाला. "त्याकडे बघतायत."

"असेल," डॉक्टर म्हणाले.

तुफूलने मनाशी हिशेब मांडला. मासळी असती तर त्यांनी बुड्या मारल्या असत्या. मासळी असती तर ती ओरडली असती. मग दुसरा विचार. पाखरांचं मला काय कळतं? मी दोन रात्री झोपलेली नाही. झोप नसली की माणसाला काहीही दिसतं. पण ते तिला एकटीला दिसत नव्हतं. डच बाईही बादली सोडून उभी राहिली होती आणि नवऱ्याच्या बाहीला धरून होती.

मुसल्लम तेवढा हसत होता. ओठ न हलवता, नुसत्या डोळ्यांनी.

५

बखीतने इंजिन बंद केलं. दुपारचं जेवण या जागी, बोट मोकळी सोडून करायचं, हा रिवाज. भाताचं पातेलं उघडलं, ट्यूनाचे तुकडे वाटले. कुणी नीट जेवलं नाही. इंजिन थांबल्यावर तोटीतून तेल पडल्याचा आवाज ऐकू येऊ लागला. टप. टप. टप.

तुफूल हात धुवायला शेपटाशी गेली. बोटीच्या मागच्या अंगाला पाण्याच्या वीतभर वर एक फळी होती, तिच्यावर पिंप बांधलेलं. ती वाकली, आणि माशाच्या त्या कुजक्या वासाखाली तिला तिच्या घराचा वास आला.

ती तशीच वाकलेली राहिली. लोबान. मुलीच्या कपड्यांखाली निखाऱ्यावर धरायचा तो चांगल्या प्रतीचा, डोंगरापलीकडून आणलेला. त्यात थोडं केसांचं तेल. आणि त्याच्याही खाली, मान आणि केस जिथे मिळतात तिथला, कशाचाही नसलेला, एकाच माणसाचा वास.

तिने पिंपाचं झाकण काढलं. लगद्यात जांभळ्या किनारीची एक काळी ओढणी बुडालेली होती.

मैथा गेली त्या दिवशी ती ओढणी घरी राहिली होती. तुफूलने ती धुतली नव्हती. हवाबंद पिशवीत घालून कपाटाच्या तळाशी ठेवली होती. दर शुक्रवारी ती पिशवी उघडायची, तीन श्वास घ्यायची आणि बंद करायची. चौथा घ्यायची नाही. संपेल म्हणून.

"तू कपाट उघडलंस," ती म्हणाली. मुसल्लम तिच्यामागे येऊन उभा होता, हे तिला न बघताच कळलं.

"हो."

"मला न विचारता."

"विचारलं असतं तर दिली असतीस?"

ती वळली आणि तिने त्याच्या छातीवर दोन्ही मुठी मारल्या. लाइफ जॅकेटवर त्यांचा आवाजही झाला नाही. "तेवढंच होतं रे! तेवढंच उरलं होतं तिचं! तू ते माशात बुडवलंस?"

"तू तीन श्वास घ्यायचीस," तो म्हणाला. "मी दाराआडून बघायचो. किती वर्षं पुरला असता तो वास, तुफूल? दोन? आणि मग?"

"मग काही नाही! मग काही नसतं! सगळ्यांचं तसंच असतं!"

"आपण हाका मारल्या. भोंगे लावून नऊ दिवस. हाक पाण्यात चार हातसुद्धा जात नाही. वास जातो. एवढंसं पाखरू, काळोखात हजार बिळांमधून आपलं बीळ नाकाने हुडकून काढतं. कधी चुकत नाही. मग तिला का येणार नाही?"

"ती पाखरू नव्हती."

"नव्हती. त्याच्यापेक्षा हुशार होती."

तुफूलचा राग तिथेच गळून पडला आणि त्याच्या जागी भीती आली, कारण तो वेड्यासारखा बोलत नव्हता. पाहुण्यांना पाखरांबद्दल सांगताना बोलायचा तसा, मुद्देसूद बोलत होता.

"आणि जे येईल," तिने विचारलं, "ती तीच असेल कशावरून?"

मुसल्लमने तिच्याकडे नवलाने पाहिलं. "तिचा वास दुसरं कोण ओळखणार?"

६

डॉक्टरांच्या ते आधी लक्षात आलं. ते छतावर चढले होते. "बखीत," ते म्हणाले. आवाज अगदी साधा, दात तपासताना लागतो तेवढाच. "पट्ट्यात काहीतरी आहे. लांब आहे अजून. सहाला."

सगळे सहाकडे वळले.

आधी नुसता काळा ठिपका. एखादं भिजलेलं लाकूड असावं तसा. मग तो सरकला. डावीकडे, पट्ट्याच्या कडेपर्यंत. कडेबाहेर थोडा गेला आणि थांबला. मग वळला आणि उजवीकडे, पट्टा ओलांडून दुसऱ्या कडेबाहेर. थांबला. पुन्हा डावीकडे. दरवेळी थोडा पुढे.

"कासव," बखीत म्हणाला.

"कासव असं पोहत नाही," डॉक्टर म्हणाले.

कुणीच असं पोहत नाही. तुफूलला ठाऊक होतं असं कोण येतं. वास धरून येणारं पाखरू असं येतं. वास सुटला की आडवं जातं, सापडला की पुढे सरकतं, पुन्हा सुटला की पुन्हा आडवं. मुसल्लम पाहुण्यांना हे हाताने काढून दाखवायचा.

तो ठिपका जिथून पुढे येत होता तिथली पाखरं मान खाली घालत होती. दोन्ही ओळींत, एकापाठोपाठ एक. आवाज कसलाच नव्हता. टप. टप. टप.

"बंद कर ती तोटी," डॉक्टर म्हणाले. "बखीत, इंजिन लाव. काढ इथून."

"डॉक्टर, तुमचं पाखरू—"

"खड्ड्यात गेलं पाखरू! काढ बोट!"

मुसल्लमने कठड्यावर पाय टाकला.

तुफूल सकाळपासून त्या पायाकडे बघत होती. तिने झडप घालून त्याच्या कमरेला मिठी मारली आणि स्वतः मागे पडली. तो तिच्या अंगावर पडला, उठला. डच माणसाने त्याचा दंड पकडला, डॉक्टर छतावरून घसरत खाली आले आणि त्याच्या पायांवर बसले. "येतेय रे ती!" मुसल्लम ओरडत होता. "येतेय! थांबा ना, दोन मिनिटं थांबा! तुमचं काय जातंय दोन मिनिटांनी?" बखीत किल्ली फिरवत होता आणि इंजिन खोकत होतं. डच बाई मोठमोठ्याने रडत होती.

"वहिनी, तोटी!" बखीत ओरडला.

तुफूल गुडघ्यांवर रांगत खालच्या फळीवर गेली. तोटीवर हात ठेवला आणि मान वर केली.

ते दहा हातांवर होतं.

पाण्याच्या वर फक्त चेहरा होता, आणि तोही पुढे बघत नव्हता. तो वर, आकाशाकडे उचललेला होता. नाकपुड्या उघडत होत्या, मिटत होत्या. तोंड किंचित उघडं. तो चेहरा डावीकडे गेला, हवेत काहीतरी हरवल्यासारखा थांबला आणि पुन्हा तिच्याकडे वळला. डोळे मिटलेले होते. आत डोळे असतील की नाही, असंही वाटावं इतके मिटलेले.

ती मैथा होती का, हे तुफूलला सांगता आलं नसतं. इंजिन लागलं, पाणी उसळलं आणि मग पांढऱ्या फेसाशिवाय काही दिसेना.

७

बखीतने बोट अशी काढली होती की पातेलं, थर्मास, दुर्बिणी सगळं घरंगळत एका कोपऱ्यात जमलं होतं. दहा मिनिटांनी त्याने वेग थोडा कमी केला. मागे पाणी स्वच्छ होतं. तोटी बंद होती. तेल नव्हतं, पाखरं नव्हती, काही नव्हतं.

"तू काही पाहिलंस का?" डॉक्टरांनी बखीतला विचारलं.

"नाही," बखीत म्हणाला. प्रश्न पुरा व्हायच्या आत म्हणाला.

मुसल्लमला त्यांनी शेपटाशी बाकावर बसवलं होतं. आता धरून ठेवायची गरज नव्हती. त्याच्यातलं सगळं निघून गेलं होतं. तो तुफूलकडे बघत होता.

"तू जवळून पाहिलंस," तो म्हणाला. "तूच पाहिलंस. सांग."

तुफूलला सकाळी ठरवलेलं काम आठवलं. हा माणूस संध्याकाळी घरी आला पाहिजे. आज, उद्या, परवा, पुढच्या खरीफमध्ये. तो पुन्हा पाण्याकडे चालत जाता कामा नये.

"कासव होतं," ती म्हणाली.

"कासव?"

"मोठं. म्हातारं. जाळ्यात अडकून एक पाय तुटलेला. म्हणून तसं वाकडंतिकडं पोहत होतं. त्याला माशाचा वास आला, मुसल्लम. बस."

"अल्लाची शपथ घे."

तिने आयुष्यात खोटी शपथ घेतलेली नव्हती. "अल्लाची शपथ," ती म्हणाली.

मग त्याने मान हलवली, एकदा, दोनदा, हिशेब जुळल्यासारखी. "मग गेली ती," तो म्हणाला. अकरा महिन्यांत पहिल्यांदा म्हणाला. आणि पहिल्यांदा रडला, आवाज न करता, खांदे हलवत. तुफूलने त्याचं डोकं आपल्या मांडीवर घेतलं. थोड्या वेळाने त्याचा श्वास जड झाला. तो झोपला होता.

डॉक्टरांनी ते पाहिलं आणि डोळे पुसत केबिनकडे वळले. "देवाने तुम्हाला धीर दिलाय, बाई," जाता जाता म्हणाले. "नाहीतर आज हा गेलाच होता."

तुफूलने मान डोलावली. एक हात नवऱ्याच्या केसांवर होता. दुसरा तिने हळूच मागे नेला, पिंपाच्या झाकणाखाली घातला आणि ओढणी शोधून बाहेर काढली. माशाचा लगदा बोटांनी निपटून टाकला. मग तो हात कठड्याबाहेर, पाण्यावर धरला.

तिने मूठ आवळली. एक थेंब पडला. तिने वीस आकडे मोजले आणि पुन्हा मूठ आवळली.

असं का करतेस, असं कुणी विचारलं असतं तर तिला उत्तर देता आलं नसतं. तो मिटलेला चेहरा तिला नको होता. घरी दाराला कडी लावून, दिवा लावून बसावं असं वाटत होतं. पण कुणीतरी चोवीस मैल आत, उघड्या पाण्यात आडवं जात होतं, थांबत होतं, पुन्हा आडवं जात होतं, आणि त्याला वाट सापडत नव्हती. ते जे काही असेल ते घर शोधत होतं. तिच्याच घरचा वास धरून.

वीस आकडे. एक थेंब. ओढणी कोरडी पडू लागली की ती पिंपात बुडवून घ्यायची. मागे बघायची नाही.

बंदरात शिरताना सूर्य डोंगराला टेकला होता. डच जोडपं कुणाचा निरोप न घेता उतरून गेलं. डॉक्टर आणि बखीत यांनी मुसल्लमला दोन्ही बाजूंनी धरून पायऱ्या चढवल्या. तो झोपेतच चालत होता. तुफूल मागून येत होती, प्रत्येक पायरीवर क्षणभर थांबत.

बखीत त्यांना घरी सोडणार होता. त्याने मुसल्लमला पुढच्या सीटवर बसवलं, पट्टा लावला, आणि आरशातून मागे बघून म्हणाला, "वहिनी, आणलंत हो तुम्ही याला. मला वाटलं नव्हतं."

"आणलं," तुफूल म्हणाली.

घर बंदरापासून चार किलोमीटर. मध्ये वाळवंटाचा एक पट्टा, मग वस्ती, मग त्यांची गल्ली. तिने आपल्या बाजूची काच पूर्ण खाली केली आणि ओढणी धरलेला हात बाहेर काढला.

"बखीत," ती म्हणाली, "घाई नको. सावकाश चालव."